प्रतींचा हिशेब : तंतुकणिकांचा डीएनए आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिने

माणसाच्या बहुतेक पेशींत केंद्रकातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्याच पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांमध्ये, त्यांच्या स्वतःच्या डीएनएच्या प्रती शेकड्यांनी, पुष्कळदा हजारांनी असतात. परिपक्व स्त्रीबीजात तर हा आकडा लाखाच्या पुढे जातो. केंद्रकातला डीएनए पेशी विभागण्याआधी एकदाच दुप्पट होतो आणि त्यावर पेशीचा कडक पहारा असतो. तंतुकणिकांच्या डीएनएला हा नियम लागू नाही. जी चेतापेशी पुन्हा कधी विभागणारच नाही, तिच्यातही हा डीएनए आयुष्यभर मोडत असतो आणि नव्याने घडत असतो. एखादी प्रत लागोपाठ दोनदा उतरवली जाईल, तिच्या शेजारची एकदाही नाही. इतका सैलपणा असूनही हृदयाच्या स्नायूत किती प्रती आणि यकृतात किती, हे त्या त्या ऊतीत बऱ्यापैकी ठरलेले असते. ते कोण ठरवते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

जनुकशास्त्र शिकवताना आपला सगळा भर अक्षरांवर असतो. कुठले अक्षर बदलले, कुठले गळले आणि त्यामुळे कुठला रोग झाला, हे आपण विद्यार्थ्यांकडून घोकून घेतो. प्रती किती, त्यातल्या वाचल्या किती जातात आणि गुंडाळून किती ठेवल्या जातात, या प्रश्नांना वर्गात फारशी जागा मिळत नाही. तंतुकणिकांच्या बाबतीत हे प्रश्न डावलून चालतच नाही. इथे अक्षरे शाबूत असूनही, केवळ प्रती कमी पडल्या म्हणून, तान्ही बाळे दगावतात. आणि संख्येचे हे गणित डीएनएत लिहिलेले नाही. डीएनएला चिकटणारी, त्याला वाकवणारी, उलगडणारी आणि झाकणारी मोजकी प्रथिने ते गणित चालवतात. यातल्या एका प्रथिनाविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते या विषयाची किल्ली त्याच्याकडे आहे.

आधी त्या डीएनएची ओळख करून घेऊ. १९६३ मध्ये स्टॉकहोममध्ये मार्गिट नास आणि सिल्व्हन नास या दांपत्याने कोंबडीच्या भ्रूणातल्या तंतुकणिका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांना आत जे बारीक तंतू दिसले, ते डीएनएचे आहेत असे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात गॉटफ्रिड शात्झ आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या शुद्ध केलेल्या तंतुकणिकांतून रासायनिक मार्गाने तोच निष्कर्ष काढला. १९८१ मध्ये केंब्रिजमधल्या फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेने मानवी तंतुकणिकांच्या डीएनएचा पूर्ण क्रम प्रसिद्ध केला. बंद वर्तुळाच्या आकाराच्या या रेणूत १६,५६९ बेस जोड्या आणि ३७ जनुके आहेत. त्यांपैकी २२ जनुके वाहक आरएनएची, २ रायबोसोमच्या आरएनएची आणि उरलेली १३ प्रथिनांची. ही तेराही प्रथिने श्वसनसाखळीत आणि एटीपी घडवणाऱ्या यंत्रणेत बसतात.

या सदतीस जनुकांच्या यादीत एक मोठी उणीव आहे. या डीएनएची प्रत काढायला लागणारे एकही प्रथिन तिच्यात नाही. उलगडणारे, जोडणारे, तपासणारे, गुंडाळणारे, सगळेच्या सगळे केंद्रकातल्या जनुकांवरून, तंतुकणिकेच्या बाहेर पेशीद्रवात बनतात आणि मग दोन पटलांमधून आत ओढून घेतले जातात. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला, तिथेच राहिला आणि त्याची तंतुकणिका झाली, हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जोरकसपणे मांडलेले मत आज सर्वमान्य आहे. त्या लांबच्या सहवासात या पाहुण्याची बहुतेक जनुके एक तर नाहीशी झाली किंवा यजमानाच्या केंद्रकात गेली. स्वतःची प्रत केव्हा निघावी, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याबरोबर गेला.

त्याहूनही नवलाची गोष्ट पुढे आली. पूर्वज जीवाणू होता, तर प्रत काढणारी यंत्रणाही जीवाणूसारखी असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिचे जवळचे नाते जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंशी, म्हणजे टी७ सारख्या जीवाणूभक्षी विषाणूंशी जुळते. डीएनएचा दुपदरी गोफ उलगडणारे ट्विंकल हे हेलिकेज २००१ मध्ये योहानेस स्पेलब्रिंक आणि सहकाऱ्यांनी ओळखले. त्याची ठेवण टी७च्या हेलिकेजसारखी आहे. आरएनए लिहिणारे पोलआरएमटी हे टी७च्या आरएनए पॉलिमरेजचे भावंड शोभते. नवा धागा विणणारे पॉलिमरेज गॅमासुद्धा टी७च्या पॉलिमरेजच्याच घराण्यातले आहे. विषाणूची ही हत्यारे पेशीच्या ऊर्जाघरात कधी आणि कशी रुजली, हा उत्क्रांतीशास्त्रातला फार देखणा प्रश्न आहे.

या हत्यारांतली किमान किती पुरतात, याचा छडा २००४ मध्ये स्वीडनमध्ये लागला. मारिया फाल्केनबर्ग यांच्या गटाने परीक्षानळीत पॉलिमरेज गॅमा, ट्विंकल आणि एकेरी धाग्याला झाकणारे प्रथिन, एवढीच तीन एकत्र केली आणि त्यांच्यासमोर दुपदरी डीएनए ठेवला. तिघांनी मिळून सुमारे सोळा हजार अक्षरांपर्यंत लांब धागे विणले, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण प्रत. वेग मिनिटाला साधारण १८० अक्षरांचा होता. या वेगाने पूर्ण वर्तुळाला दीड तास लागेल. जिवंत पेशीतल्या वेगाचा जो अंदाज आधी काढलेला होता, त्याच्या हे बरेच जवळ आहे. यातल्या एकालाही वगळून हे काम होत नाही. एकट्या पॉलिमरेज गॅमाला दुपदरी डीएनएत पुढे सरकताच येत नाही. ट्विंकलने पुढे वाट मोकळी करावी लागते.

सुरुवात कुठून होते, हे मात्र जवळून पाहायला हवे, कारण नियमनाची सगळी गंमत तिथेच आहे. वर्तुळाच्या दोन धाग्यांना त्यांच्या घनतेतल्या फरकावरून जड आणि हलका म्हणतात. साधारण ११०० अक्षरांचा एक पट्टा असा आहे की ज्यात कुठल्याच प्रथिनाची माहिती नाही. याला नियंत्रक प्रदेश म्हणतात. (माणसांच्या स्थलांतराचा आणि मातृवंशाचा माग काढणारे संशोधक जी अक्षरे वाचतात, त्यांतली पुष्कळशी याच पट्ट्यातली असतात. वंशावळीच्या चाचणीचा अहवाल हाती घेणाऱ्यांना हा पट्टा शरीरात काय काम करतो, याची सहसा कल्पना नसते.) या पट्ट्यात हलक्या धाग्याच्या लेखनाचा आरंभबिंदू आहे. त्याच्या किंचित मागे टीफॅम नावाचे प्रथिन येऊन बसते आणि डीएनएला जवळजवळ पूर्ण उलटे वळवते. मग पोलआरएमटी येते, त्याला आणखी एका साहाय्यक प्रथिनाची साथ मिळते, गोफ थोडा सुटतो आणि आरएनएचे लेखन सुरू होते.

इथे दोन वाटा फुटतात. आरएनए थोडा लांबला की वाटेत ग नावाच्या बेसने भरलेला एक टप्पा लागतो. तिथे नवा आरएनए आणि डीएनएचा मोकळा झालेला धागा एकमेकांत गुंतून चार पदरांची घट्ट गाठ बनवतात. पोलआरएमटी तिथे अडखळते आणि पुष्कळदा सुटून जाते. जो आखूड आरएनए मागे उरतो, त्याच्या टोकाला धरून पॉलिमरेज गॅमा डीएनए विणायला लागते. म्हणजे अर्धवट राहिलेले लेखन हीच नव्या प्रतीची सुरुवात असते. टीफेम नावाचे दुसरे प्रथिन हजर असेल, तर पोलआरएमटी ती गाठ ओलांडून पुढे जाते, जनुके वाचली जातात, आणि त्या वेळी प्रत निघत नाही. वाचायचे की प्रत काढायची, हा निर्णय एका प्रथिनाच्या असण्या-नसण्यावर होतो, असे २०१५ मध्ये परीक्षानळीतल्या प्रयोगांतून पुढे आले. टीफॅम आणि टीफेम ही नावे कानाला सारखी लागतात, पण ती दोन अगदी वेगळी प्रथिने आहेत. वाचकांनी ही गल्लत सुरुवातीलाच टाळावी.

पुढची गोष्ट आणखी विलक्षण आहे. अशा रीतीने सुरू झालेल्या बहुतेक प्रती साधारण ६५० अक्षरे विणून थांबतात. तो आखूड तुकडा तिथेच मूळ धाग्याला चिकटून राहतो, त्यामुळे तेवढ्या भागात दोनाऐवजी तीन धागे दिसतात. या तिपदरी जागेला डी-लूप म्हणतात. कॅलिफोर्नियात जेरोम व्हिनोग्राड यांच्या गटाने ती १९७१ मध्ये पाहिली होती. म्हणजे पेशी सतत सुरुवात करत राहते आणि बहुतेक वेळा ती सुरुवात सोडून देते. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते. मला तसे वाटत नाही. सुरुवात नेहमी तयार ठेवून पुढे जायची परवानगी राखून ठेवणे, ही नियमनाची फार कार्यक्षम रीत आहे. गरज पडली की पेशीला मुळापासून तयारी करावी लागत नाही.

परवानगी मिळाली की ट्विंकल पुढे धावते आणि तिच्या मागे पॉलिमरेज गॅमा. बाजूला पडलेला एकेरी जुना धागा उघडा राहू नये म्हणून त्याला झाकणारे प्रथिन चौकडीचौकडीने त्यावर बसत जाते. वर्तुळाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पार झाला की दुसऱ्या धाग्याचा आरंभबिंदू उघडा पडतो. तो लगेच स्वतःभोवती वळून देठ आणि फाशाचा आकार घेतो, त्यामुळे झाकणारे प्रथिन तिथे बसू शकत नाही. त्या उघड्या फाशावर पोलआरएमटी येऊन सुमारे पंचवीस अक्षरांचा आरएनए लिहिते, आणि दुसरा धागा उलट दिशेने विणला जाऊ लागतो. शेवटी आरंभीचे आरएनए काढून टाकणे, सुटी टोके छाटणे, खाचा सांधणे आणि एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे सोडवणे ही कामे आणखी काही विकरे करतात. १९७२ पासून चालत आलेले हे चित्र सर्वांना मान्य होते असे नाही. इयन होल्ट आणि हॉवर्ड जेकब्स यांनी २००० च्या सुमारास जेलवरच्या आकृत्यांवरून दोन्ही धागे बरोबरीने विणले जात असावेत असे मांडले आणि दशकभर चांगलीच खडाजंगी झाली. मला जुन्या चित्राची बाजू अधिक भक्कम वाटते. दुसऱ्या बाजूच्या निरीक्षणांनाही या पुस्तकात योग्य जागा मिळाली आहे, आणि ती मिळायलाच हवी होती.

आता टीफॅम. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड क्लेटन यांच्या प्रयोगशाळेने ते १९८० च्या दशकात शुद्ध केले तेव्हा ते लेखन सुरू करणारे प्रथिन म्हणूनच ओळखले गेले. १९९१ मध्ये त्याची रचना वाचल्यावर लक्षात आले की केंद्रकातल्या डीएनएला वाकवणाऱ्या एचएमजी कुळातले ते आहे आणि त्याला डीएनए पकडणाऱ्या दोन पेट्या आहेत. त्याच सुमारास यीस्टच्या तंतुकणिकांतही असेच दोन पेट्यांचे एक प्रथिन सापडले. ते काढून टाकले की यीस्ट आपला तंतुकणिकांचा डीएनए हळूहळू गमावून बसते. १९९३ मध्ये त्या यीस्टमध्ये माणसाचे टीफॅम घातले, तर डीएनए टिकला. लेखन सुरू करणे हे या प्रथिनाचे अर्धेच काम आहे, डीएनए धरून ठेवणे हे दुसरे, याचा तो पहिला सज्जड पुरावा होता.

२०११ मध्ये पासाडेना आणि बार्सिलोना इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे टीफॅम आणि डीएनए यांच्या जोडरेणूची स्फटिकरचना सोडवली. ते चित्र एकदा तरी सावकाश पाहावे. पहिली पेटी डीएनएच्या अरुंद खाचेत आपली एक शाखा दोन बेस जोड्यांच्या मधोमध खुपसते आणि तो काटकोनात वळतो. मधला दुवा डीएनएच्या कडेने जातो. दुसरी पेटी पलीकडे तेच करते आणि वळण पूर्ण होऊन आलेला डीएनए आल्या दिशेला परत जातो. आरंभबिंदूपाशी हे वळण लेखनयंत्रणेला जागा करून देते. पण टीफॅमला अक्षरांची फारशी आवडनिवड नाही. ते वर्तुळावर कुठेही बसते आणि बसले की वाकवते. एका वर्तुळावर त्याचे सुमारे हजार रेणू असतात, म्हणजे दर सोळा-सतरा बेस जोड्यांमागे एक. एवढी वळणे पडल्यावर साडेपाच मायक्रॉन लांबीचा डीएनए शंभर नॅनोमीटरच्या गाठोड्यात मावतो. या गाठोड्याला न्यूक्लिऑइड म्हणतात. २०११ मध्येच अतिसूक्ष्म प्रकाशचित्रणाने दिसून आले की एका गाठोड्यात सरासरी १.४ प्रती असतात, म्हणजे बहुतेकांत एकच. त्याआधी एकेका गाठोड्यात बऱ्याच प्रती असाव्यात असा समज होता.

उंदरांवरचे प्रयोग मला याहून बोलके वाटतात. १९९८ मध्ये नील्स-योरान लार्सन यांच्या गटाने टीफॅमचे जनुक उंदरांतून काढले. दोन्ही प्रती गेलेले भ्रूण गर्भातच, साडेदहाव्या दिवसाच्या आत मेले. त्यांच्यात तंतुकणिकांचा डीएनए उरलाच नव्हता. एक प्रत गेलेले उंदीर जगले, पण त्यांच्या तंतुकणिकांच्या डीएनएच्या प्रती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या होत्या. डीएनएच्या अक्षरांना कुणी हात लावला नव्हता. धरणारे हात निम्मे झाले आणि डीएनए कमी झाला. २००४ मध्ये त्याच परंपरेतल्या गटाने उलटा प्रयोग केला. उंदरात माणसाचे टीफॅम जादा घातले, तेव्हा प्रती वाढल्या. माणसाचे टीफॅम उंदराच्या डीएनएचे लेखन नीट सुरू करू शकत नाही, त्यामुळे लेखन वाढल्याने प्रती वाढल्या असे म्हणायला जागा राहिली नाही. धरून ठेवण्यानेच संख्या वाढली. आणि श्वसनाची क्षमता मात्र वाढली नाही.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम अधोरेखित करतो. तंतुकणिका वाढवून ताकद देण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या आणि पावडरी आज औषधांच्या दुकानात आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत सर्रास दिसतात. प्रती वाढल्या म्हणजे ऊर्जा वाढली, हे समीकरण निरोगी उंदरातसुद्धा सिद्ध झाले नाही. पुढच्या अभ्यासांत तर टीफॅम फार वाढवल्यावर उलटाच परिणाम दिसला. डीएनए इतका घट्ट गुंडाळला गेला की लेखन दबले. परीक्षानळीतही हेच दिसते. टीफॅमचे प्रमाण थोडे वाढवत नेले की एका टप्प्यानंतर लेखन थांबते आणि प्रत काढणारी यंत्रणा सरकेनाशी होते. दुधाला विरजण लावणाऱ्याला हे चटकन कळेल. कमी पडले तर दही लागत नाही, जास्त झाले तर आंबून जाते, आणि वस्तू मात्र तीच असते.

यातूनच अलीकडचे चित्र उभे राहते. २०२१ मध्ये जर्मनीतल्या श्टेफान याकोब्स यांच्या गटाने एकाच पेशीतली गाठोडी एकेक करून मोजली. सगळी सारखी नव्हती. काहींत डीएनएच्या मानाने टीफॅम कमी होते आणि ती लेखनात किंवा प्रत काढण्यात गुंतलेली होती. बरीच दाट बांधलेली होती आणि निवांत होती. म्हणजे हजार प्रती आहेत याचा अर्थ हजार प्रती कामावर आहेत असा होत नाही. बराच साठा बांधून ठेवलेला असतो आणि टीफॅमचे प्रमाण किंचित हलले की किती गाठोडी उघडी आणि किती बंद, हे पालटते. केंद्रकातल्या डीएनएत अशी उघडझाक डझनावारी प्रथिने आणि रासायनिक खुणा मिळून करतात. इथे तिचा मोठा भार एका लहान प्रथिनाच्या प्रमाणावर आहे.

मग टीफॅमचे प्रमाण कोण राखते? तंतुकणिकेत लॉन नावाचे प्रथिने कापणारे विकर असते. टीफॅम डीएनएवर बसलेले असेल तोवर ते सुरक्षित राहते. त्याच्या पहिल्या पेटीवर फॉस्फेटची खूण लागली की पकड सुटते आणि सुटलेले टीफॅम लॉन खाऊन टाकते. हे २०१३ मध्ये दाखवले गेले. डीएनए टीफॅममुळे टिकतो आणि टीफॅम डीएनएमुळे टिकते, असे हे परस्परांना सांभाळणे आहे. जागेचाही संबंध आहे. २०१६ मध्ये जोडी नुनारी यांच्या गटाने मानवी पेशीत पाहिले की नव्या प्रती कुठेही निघत नाहीत. अंतर्द्रव्यजालिका तंतुकणिकेला जिथे टेकते, तिथे त्या निघतात, आणि तंतुकणिकेचे विभाजनही त्याच जागी होते. त्यामुळे नवी प्रत दोन्ही वाटेकऱ्यांना पोचते.

टीफॅमच्या गोष्टीतला एक भाग तर प्रत्येक मराठी वाचकाने कधी ना कधी ऐकलेल्या गोष्टीशी जोडलेला आहे. तंतुकणिकांचा डीएनए आईकडूनच येतो. का, याचे जुने उत्तर असे होते की शुक्राणूच्या तंतुकणिका बीजांडात शिरल्यावर नष्ट केल्या जातात. २०२३ मध्ये एका अमेरिकी गटाने मानवी शुक्राणू तपासले, तर परिपक्व शुक्राणूच्या तंतुकणिकांत अखंड डीएनए जवळजवळ नव्हताच, आणि टीफॅमही नव्हते. शुक्राणू घडत असताना टीफॅमच्या पुढच्या टोकावर फॉस्फेटची खूण लागते, ते तंतुकणिकेत न जाता केंद्रकात जाते, आणि धरणारे कुणी न उरल्याने डीएनए संपतो. वडिलांचा डीएनए बीजांडापर्यंत पोचण्याआधीच मिटलेला असतो.

आता माणसांच्या आजारांकडे वळतो. पॉलिमरेज गॅमाला विणतानाच चूक ओळखून मागे जाण्याची क्षमता असते. २००४ मध्ये लार्सन यांच्या गटाने तिच्यातली ही तपासणीच बंद केलेले उंदीर तयार केले. तंतुकणिकांच्या डीएनएत चुका साचत गेल्या. साधारण पंचवीस आठवड्यांच्या वयात त्या उंदरांचे केस झडू लागले, पाठीला पोक आले, हाडे विरळ झाली, हृदय वाढले, आणि वर्ष उलटायच्या आत बहुतेक मेले. म्हातारपणाचे एकमेव कारण हेच, असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे ठरेल, कारण नैसर्गिक वयात माणसात साचणाऱ्या चुका त्यामानाने फारच थोड्या असतात. पण चुका पुरेशा साचल्या तर शरीर असे झिजते, हे निर्विवाद आहे.

माणसात या विकराच्या जनुकातले रोगकारक बदल २००१ मध्ये प्रथम सापडले, पापण्या आणि डोळ्यांचे स्नायू हळूहळू लुळे पडणाऱ्या रुग्णांत. आता असे शेकडो बदल माहीत आहेत. त्यांच्यामुळे होणारा सर्वांत दारुण आजार बर्नार्ड आल्पर्स यांनी १९३१ मध्ये वर्णिला होता. धडधाकट दिसणाऱ्या बाळाला अचानक आकड्या सुरू होतात, त्या औषधांना दाद देत नाहीत, शिकलेले सारे हरपते आणि यकृत निकामी होते. कारण कळायला २००४ साल उजाडले. टीफॅममधला बदलही २०१६ मध्ये नोंदवला गेला, यकृत निकामी होऊन दगावलेल्या नवजात बाळांत.

शेवटी औषधे, कारण या विषयाशी आपल्याकडच्या हजारो लोकांचा संबंध औषधांमुळेच आला. १९९३ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे यकृतदाह-बी च्या १५ रुग्णांवर फायलयुरिडिन या औषधाची चाचणी चालू होती. ते औषध डीएनएच्या घटकासारखे दिसते आणि पॉलिमरेज गॅमा ते तंतुकणिकांच्या डीएनएत गुंफत जाते. काही आठवडे सारे ठीक वाटले. मग सात जणांचे यकृत कोसळले. पाच दगावले, दोघे यकृत बदलून वाचले. औषध थांबवल्यावरही हे चालूच राहिले, कारण ते डीएनएतच विणले गेले होते.

त्याच जातीच्या पण खूपच सौम्य अशा एका औषधाशी महाराष्ट्राची चांगली ओळख आहे. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, त्या पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. तेव्हाच्या नेहमीच्या मिश्रणात स्टॅव्ह्युडिन असे. त्या औषधाने असंख्य माणसांचे प्राण वाचवले, हे आधी सांगितले पाहिजे. पण काही वर्षांत पुष्कळांचे गाल बसले, हातापायांवरची चरबी झिजून शिरा वर आल्या, तळपाय रात्रभर जळजळू लागले, आणि थोड्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचून जिवावर बेतले. स्टॅव्ह्युडिन पॉलिमरेज गॅमाचे काम अडवते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली, पुढे टेनोफोव्हिरसारखी या विकराला फारसा त्रास न देणारी औषधे आली. बसलेल्या गालांवरून वस्तीत आजार ओळखला जाण्याच्या धास्तीने ज्यांनी घराबाहेर पडणे सोडले, त्यांना हे रेणूंचे शास्त्र कुणी मराठीत सांगितले नव्हते. हे पुस्तक मराठीत यावे असे मला वाटले, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण डॉक्टरांसाठी आहे. आकडीवर व्हॅलप्रोएट हे औषध सर्रास दिले जाते आणि बहुतेकांना ते मानवते. पॉलिमरेज गॅमाच्या जनुकात दोष असलेल्या मुलाला मात्र त्याने यकृत निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो, म्हणून अशा रुग्णांत ते वर्ज्य आहे. औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना छापलेली असते. लहान मुलाच्या आकड्या आवरत नसतील, त्याचा विकास मागे पडत असेल, यकृताच्या चाचण्या बिघडलेल्या असतील किंवा घरात असे मूल आधी दगावले असेल, तर व्हॅलप्रोएट सुरू करण्यापूर्वी हे जनुक तपासून घ्यावे, आणि अहवाल हाती येईपर्यंत दुसरे औषध वापरावे. आजारांच्या प्रकरणात या तपासणीची पायरीपायरीने माहिती दिली आहे. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी बाकीचे पुस्तक सवडीने वाचले तरी चालेल, ते प्रकरण आधी वाचावे.